आकडा दिसतोय, पण खरा आहे का? गाडीतल्या इथरनेटचे संदेश उलगडताना

भुसावळच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीच्या प्रत्येक वॅगनवर अकरा आकडी नंबर रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची ते, त्यापुढचे दोन बनावटीचे वर्ष. मग चार आकडे तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा एक आकडा आधीचे दहा बरोबर लिहिले आहेत का हे पडताळण्यासाठी. हा तक्ता ज्याला ठाऊक आहे त्याला त्या नंबरातून सगळी वॅगन कळते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती नुसती आकड्यांची रांग. नव्या मोटारींच्या इथरनेट केबलमधून वाहणाऱ्या बाइटचेही असेच आहे. कोणत्या जागेवरच्या बाइटचा अर्थ काय, हे त्या बाइटमध्ये कुठेच लिहिलेले नसते. ते वेगळ्या फाइलीत असते. ती फाइल आणि तारेवरचे बाइट यांची गाठ घालून देणे म्हणजे डिकोडिंग.

जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर इथल्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन चाकणला किंवा नाशिकला गाड्यांच्या चाचणीच्या कामावर लागलेली बरीच मुले या विषयाशी पहिल्यांदा नोकरीतच भेटतात. कोणीतरी सांगते, ‘ट्रेस काढ आणि डिकोड करून दे.’ ट्रेस किंवा कॅप्चर म्हणजे तारेवरून गेलेल्या संदेशांची नोंद. साक्रीकडच्या एका मुलाने मला मध्यंतरी फोनवर विचारले, ‘भाऊ, आकडा दखास, पन खरा शे का?’ या विषयातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. डिकोडिंग बसलेच नाही तर स्क्रीन रिकामी राहते आणि चूक लगेच कळते. ते चुकीचे बसले, तर मात्र स्क्रीनवर छान, पटण्यासारखे आकडे येतात आणि त्यावर अहवाल लिहिला जातो.

कॅनची सवय इथे आडवी येते

गाडीतल्या जुन्या जाळ्याचे नाव कॅन. बॉश कंपनीने ते १९८६मध्ये जगापुढे मांडले. दोन तारा, त्यांना समांतर जोडलेले सगळे ईसीयू म्हणजे गाडीतले छोटे नियंत्रक संगणक, आणि एकाने बोललेले सगळ्यांनी ऐकायचे, अशी त्याची रचना. एका संदेशात जास्तीत जास्त ८ बाइट, वेग सेकंदाला १० लाख बिटपर्यंत. ऐकायचे असेल तर त्या दोन तारांना आपले यंत्र जोडायचे, संदेशांचा अर्थ सांगणारी डीबीसी फाइल लावायची, काम सुरू.

कॅमेरे, रडार, मोठी सॉफ्टवेअर अपडेट आली तेव्हा हा वेग कमी पडला. ब्रॉडकॉमने एकाच पीळदार जोडीवरून इथरनेट चालवण्याचे तंत्र बनवले होते. त्याच्या प्रसारासाठी २०११मध्ये ओपन अलायन्स हा कंपन्यांचा गट उभा राहिला आणि २०१५मध्ये मानके ठरवणाऱ्या आयट्रिपलई या संस्थेने त्यावर आधारित मानक काढले. त्याला १००बेस-टी१ म्हणतात: दोन तारांची एक जोडी, सेकंदाला १० कोटी बिट म्हणजे १०० मेगाबिट, साधारण १५ मीटरपर्यंत. पुढच्याच वर्षी त्याच्या दहापट वेगाचे १०००बेस-टी१ आले.

इथे कॅनच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली सवय तार ऐकण्याची. आपल्या लॅपटॉपचे इथरनेट १०० मेगाबिटला दोन जोड्या वापरते, एक जाण्याला आणि एक येण्याला. गाडीतले तेवढाच वेग एका जोडीवर देते, आणि दोन्ही टोके एकाच वेळी, त्याच तारांवर बोलतात. प्रत्येक टोक आपण पाठवलेला सिग्नल वजा करून उरलेला ऐकते. मधेच समांतर तार जोडली तर तुम्हाला दोघांची बेरीज मिळते, आणि ती वेगळी करायला लागणारी माहिती तुमच्याकडे नसते. वर त्या जादा तारेने चालू जोडणीही बिघडू शकते.

म्हणून तीनपैकी एक मार्ग धरावा लागतो. केबल तोडून मध्ये सक्रिय टॅप बसवणे, हा सगळ्यात भरवशाचा. टॅप दोन्ही बाजूंशी स्वतंत्र जोडणी करतो, येणारी फ्रेम, म्हणजे इथरनेटचा एक गठ्ठा, पुढे पाठवतो आणि तिची प्रत आपल्याला देतो. दुसरा मार्ग गाडीतल्या स्विचवर, म्हणजे केबली एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रावर, मिरर पोर्ट चालू करण्याचा. हा पोर्ट दुसऱ्या पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत बाहेर देतो. त्यात एक साधे गणित विसरले जाते: एका जोडणीत जाणारे १०० आणि येणारे १०० मिळून २०० मेगाबिटपर्यंत माल होऊ शकतो, आणि तो सगळा १०० मेगाबिटच्या एका पोर्टमधून बाहेर काढायला गेलात तर गर्दीच्या वेळी फ्रेम गळतात. गळाल्याची नोंद ट्रेसमध्ये नसते. मिरर पोर्ट गिगाबिटचा हवा. तिसरा मार्ग मीडिया कन्व्हर्टरचा. तो फक्त टी१ तार लॅपटॉपच्या पोर्टला जुळवून देतो. एखादा ईसीयू टेबलावर एकटा तपासायला तो पुरतो, पण चालत्या गाडीतले दोघांचे संभाषण त्याने ऐकू येत नाही. कन्व्हर्टर लावताना एक टोक मास्टर आणि दुसरे स्लेव्ह ठेवावे लागते. दोन्ही सारखी राहिली तर जोडणी उभीच राहत नाही.

दुसरी सवय अधिक खोल आहे. कॅनवर वेगाचा संदेश ठरलेल्या अंतराने येतच राहतो, कोणाला हवा असो वा नसो. गाडीतल्या इथरनेटवर बहुतेक ठिकाणी सम आयपी नावाची पद्धत असते. बीएमडब्ल्यूमध्ये २०११च्या सुमारास तिची सुरुवात झाली आणि पुढे ती ऑटोसार मानकांत आली. तिच्यात ‘सेवा’ असतात. एक ईसीयू जाहीर करतो की वेगाची सेवा माझ्याकडे आहे. ज्याला हवी तो वर्गणीदार होतो. मगच संदेश वाहू लागतात. वर्गणीदार नसेल तर संदेश तारेवर येतच नाही. ट्रेसमध्ये वेग दिसत नाही म्हणून सेन्सर मेला असे लिहून मोकळे होऊ नका. कोणी मागितला होता का, हे आधी पाहा.

ही जाहिरात आणि वर्गणी चालते ते संभाषण म्हणजे सर्व्हिस डिस्कव्हरी. ते यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीच्या ३०४९० या पोर्टवर चालते आणि जाहिराती बहुधा मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, जातात. कॅप्चर इग्निशन चालू करण्याच्या आधीपासून सुरू करा असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी. कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर आहे, कोण कोणाचा वर्गणीदार झाला, कोणाला नकार मिळाला, हे पहिल्या काही सेकंदांत स्वच्छ दिसते. नंतर सुरू केलेल्या कॅप्चरमध्ये तेच अंदाजाने जुळवत बसावे लागते.

एक संदेश हाताने सोडवून पाहू

साधन वापरण्याआधी एकदा हाताने सोडवलेला संदेश आयुष्यभर उपयोगी पडतो. खालचे बाइट मी उदाहरणासाठी बनवले आहेत, कोणत्याही खऱ्या गाडीचे नाहीत. आकडे हेक्स म्हणजे सोळाच्या पायातले आहेत. दहा ते पंधरासाठी लागणारी अक्षरे टाळून निवडले आहेत.

१२ ३४ ८० ०१ ०० ०० ०० १० ०० ०० ०० ०५ ०१ ०१ ०२ ००
१७ ७० ५५ ०१ ०० ०० ३० ३९

हे बाइट दिसण्याआधी इथरनेटचे हेडर म्हणजे पुढे लावलेली ओळखीची माहिती, बहुधा चार बाइटचा व्हीलॅन टॅग (एकाच तारेवरची वेगवेगळी जाळी ओळखण्याची खूण), मग आयपी आणि यूडीपीची हेडरे येऊन गेलेली असतात. ती सगळी जगभर सारखी, त्यामुळे कोणतेही साधन ती आपोआप उलगडते. फक्त व्हीलॅनकडे लक्ष ठेवा. विंडोजवरचे कित्येक नेटवर्क ड्रायव्हर तो टॅग आपल्याला दाखवण्याआधीच काढून टाकतात, आणि मग दोन वेगळ्या व्हीलॅनवरची वाहतूक एकच असल्यासारखी दिसते.

पहिली ओळ सम आयपीचे १६ बाइटचे हेडर आहे. १२ ३४ हा सेवेचा क्रमांक. ८० ०१ हा त्या सेवेतला घटनेचा क्रमांक. हेक्स ८००० किंवा त्यापुढचा क्रमांक म्हणजे घटना, त्याखालचा म्हणजे कोणीतरी मागणी करून चालवायचे फंक्शन. पुढचे चार बाइट लांबी सांगतात: हेक्स १०, म्हणजे आपले १६. ही लांबी हेडरच्या सुरुवातीपासून मोजत नाहीत. तिच्या पुढच्या बाइटपासून मोजतात, म्हणजे हेडरचे उरलेले ८ आणि पेलोडचे, म्हणजे प्रत्यक्ष माहितीचे, ८. इथे गफलत झाली की सगळेच घसरते, कारण एका यूडीपी पॅकेटमध्ये एकापाठोपाठ अनेक संदेश भरलेले असू शकतात आणि पुढचा कुठे सुरू होतो हे या लांबीवरूनच कळते. त्यानंतर मागणाऱ्याचा क्रमांक ०० ०० आणि सत्र क्रमांक ०० ०५. मग चार सुटे बाइट: प्रोटोकॉलची आवृत्ती १, सेवेच्या इंटरफेसची आवृत्ती १, संदेशाचा प्रकार ०२ म्हणजे वर्गणीदाराला पाठवलेली सूचना, आणि शेवटी ०० म्हणजे सर्व ठीक.

इथपर्यंत मानकाची मदत होते. दुसरी ओळ मात्र त्या गाडीच्या वर्णनाच्या फाइलीशिवाय मुकी आहे. समजा फाइल म्हणते: पहिले दोन बाइट वेग, कच्च्या आकड्याला ०.०१ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. तिसरा बाइट बाहेरचे तापमान, कच्च्या आकड्यातून ४० वजा करा. चौथ्यातला सगळ्यात खालचा बिट चालकाच्या सीटबेल्टचा. शेवटचे चार बाइट ओडोमीटर, थेट किलोमीटर.

१७ ७० म्हणजे १ गुणिले ४०९६, अधिक ७ गुणिले २५६, अधिक ७ गुणिले १६, एकूण ६०००. ०.०१ने गुणले, ताशी ६० किलोमीटर. ५५ म्हणजे ८५, त्यातून ४० गेले, ४५ अंश. जळगावात मे महिन्यात हा आकडा पाहून कोणी दचकणार नाही. ०१ म्हणजे बेल्ट लावलेला. ३० ३९ म्हणजे १२,३४५ किलोमीटर.

आता हीच ओळ चुकीच्या फाइलीने सोडवा. बाइटचा क्रम उलटा धरला तर वेग ७० १७ होतो, म्हणजे २८,६९५, म्हणजे ताशी जवळजवळ २८७ किलोमीटर. ही चूक कोणाच्याही डोळ्यांत भरेल. पण समजा फाइलीच्या जुन्या आवृत्तीत गुणक ०.०१ ऐवजी एकशेअठ्ठाविसांश आहे. मग ६००० चे होतात ४६.९. गाडी गावातून जात असेल तर ४६.९ अगदी खरा वाटतो. साधन कोणताही इशारा देत नाही, आलेख सुंदर येतो, वेग वाढवला की वाढतो, ब्रेक मारला की उतरतो. फक्त आकडा खोटा असतो.

साधनात काय भरायचे

वर्णनाची फाइल इथरनेटसाठी बहुधा एआरएक्सएमएल प्रकारची असते. २००३मध्ये सुरू झालेल्या ऑटोसार या उद्योगगटाने तो ढाचा ठरवला. काही ठिकाणी फायबेक्स हा जुना प्रकारही चालतो. व्हेक्टर कंपनीच्या कॅनू (CANoe) किंवा कॅनलायझरसारखी विकतची साधने एआरएक्सएमएल थेट उघडतात, आणि तिथे तुमचे काम बरेचसे योग्य फाइल आणि तिच्यातले योग्य नेटवर्क निवडण्याचे असते.

विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले साधन म्हणजे वायरशार्क. ते मोफत आहे, आणि त्यात सम आयपी, सर्व्हिस डिस्कव्हरी आणि निदानासाठीचे डीओआयपी उलगडण्याची सोय आहे. एआरएक्सएमएल मात्र ते थेट वाचत नाही. सम आयपीच्या सेटिंगमध्ये कोष्टके आहेत: सेवांची नावे, त्यांतल्या घटना आणि फंक्शन, प्रत्येकाचे घटक, मूळ डेटाप्रकार, अ‍ॅरे, स्ट्रक्चर. ती भरावी लागतात. दोन-चार सेवा हाताने भरता येतात. त्याहून जास्त असतील तर एआरएक्सएमएलमधून ती तयार करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिणे बरे. संदेश नुसताच ‘डेटा’ म्हणून दिसत असेल तर त्या पोर्टवर सम आयपी आहे हे वायरशार्कला अजून ठाऊक नाही असे समजा. पोर्ट सेटिंगमध्ये लिहा किंवा पॅकेटवर राइट क्लिक करून ‘डिकोड अ‍ॅज’ वापरा. कच्चा आकडा दिसेल तिथे गुणक आणि वजाबाकी स्वतः लावायची तयारी ठेवा.

भरताना बारकाईने पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. बदलत्या लांबीच्या अ‍ॅरे आणि मजकुराच्या आधी लांबीचा आकडा असतो. तो १, २ किंवा ४ बाइटचा असू शकतो, आणि तो चुकला की त्यामागचा प्रत्येक घटक सरकतो. मोठे संदेश यूडीपीवरून तुकड्यांत येतात. त्यांच्या प्रकारात तुकड्याची खूण असते, आणि जुळवणी चालू केली नसेल तर पहिल्या तुकड्याचा अर्थ लागतो आणि बाकीचे कचऱ्यासारखे दिसतात. काही गाड्यांत सम आयपीऐवजी जुने कॅनसारखे पीडीयू म्हणजे माहितीचे गठ्ठे इथरनेटवरून नेतात, प्रत्येकापुढे चार बाइटचा क्रमांक आणि चार बाइटची लांबी लावून. बाइटकडे पाहून नवख्या माणसाला तो सम आयपी वाटू शकतो, म्हणून आधी पद्धत कोणती हे फाइलीतच पाहून घ्यावे.

आवृत्तीबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. प्रत्येक संदेशाच्या हेडरमध्ये इंटरफेसची फक्त मोठी आवृत्ती असते. छोटी आवृत्ती दिसते ती केवळ सर्व्हिस डिस्कव्हरीच्या जाहिरातीत. तुमच्या फाइलीतल्या दोन्ही आवृत्त्या जाहिरातीशी ताडून पाहा. आवृत्ती न बदलता आतला गुणक बदललेला असू शकतो, त्यामुळे एवढ्यावर पूर्ण विसंबता येत नाही. पण जुळल्या नाहीत, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

खरे-खोटे कसे करायचे

याचा एकच मार्ग आहे: ज्याचे खरे मूल्य आपल्याला दुसरीकडून माहीत आहे अशा गोष्टीने तपासणे. सीटबेल्ट लावा-काढा आणि बिट त्याच क्षणी, तोच बिट, फिरतो का ते पाहा. मागच्या सीटचा बेल्टही लावून पाहा. तेव्हा तो बिट हलता कामा नये. ओडोमीटर डॅशबोर्डशी ताडा.

वेगाची तपासणी उभ्या गाडीत करू नका. उभी असताना वेग शून्य, आणि शून्याला कोणत्याही गुणकाने गुणले तरी शून्यच. ‘शून्य दाखवतोय, म्हणजे बरोबर आहे’ असे म्हणून कितीतरी जण थांबतात. उलट, एकाच वेगावर तपासले तर चूक गुणकात आहे की अधिक-वजा करण्याच्या आकड्यात, हे सांगता येत नाही. कमीत कमी दोन वेग हवेत. सुरत-नागपूर महामार्गावर धुळे ते जळगाव सरळ आणि मोकळे पट्टे मिळतात. कोणीतरी गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून जीपीएसचा वेग लिहावा, एकदा ४०ला स्थिर आणि एकदा ८०ला स्थिर. डॅशबोर्डच्या काट्याशी तुलना करू नका. आंतरराष्ट्रीय नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या तो थोडा वर ठेवतात. तारेवरचा आकडा आणि काट्याचा आकडा वेगळा असणे हे चुकीचे लक्षण नाही.

तापमानाला आपल्याकडे दुपार वाईट. उन्हात उभ्या गाडीचे पत्रे आणि खालचा डांबर सेन्सरला हवेपेक्षा जास्त तापवतात, आणि डॅशबोर्डवरचा आकडा सॉफ्टवेअरने सावकाश बदलवलेला असतो. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून पहाटे साध्या थर्मामीटरशी ताडा. वजाबाकीचा आकडा चुकला असेल तर फरक तिथेच उघडा पडतो.

वेळेचेही असेच. दोन घटनांमध्ये काही मिलीसेकंदांचे अंतर मोजायचे असेल तर लॅपटॉपने लावलेल्या वेळेवर भरवसा ठेवू नका. फ्रेम आत आल्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमला सवड मिळेल तेव्हा ती वेळ लागते. टॅप किंवा कॅप्चर यंत्राच्या हार्डवेअरने लावलेली वेळ घ्या. कॅन आणि इथरनेट दोन्ही एकत्र पाहायचे असतील तर दोघांना एकाच घड्याळाशी बांधणारे यंत्र हवे.

काही गोष्टी डिकोड होणारच नाहीत. मॅकसेक किंवा टीएलएस या सांकेतिक कुलपांच्या पद्धती लावलेली वाहतूक त्यांच्या चाव्यांशिवाय वाचता येत नाही, आणि ती तशीच असावी. सेकओसी मात्र वेगळे आहे. ते मजकूर लपवत नाही, शेवटी खात्रीचे काही बाइट जोडते. तो मजकूर वाचता येतो, फक्त शेवटचे बाइट सिग्नल समजून सोडवू नयेत. आणि हे सगळे स्वतःच्या किंवा परवानगी मिळालेल्या गाडीवरच करावे. कंपनीची एआरएक्सएमएल गोपनीय असते, ती मित्राला पाठवण्याची वस्तू नाही.

गाडी नाही, फाइल नाही, मग घरी बसून शिकायचे कसे? व्हीसमआयपी नावाची सम आयपीची मुक्त अंमलबजावणी नेटवर मिळते. लिनक्सच्या दोन जुन्या लॅपटॉपमध्ये साधी इथरनेट केबल टाका. एकावर सेवा देणारे आणि दुसऱ्यावर घेणारे उदाहरण चालवा. आधी घेणारा बंद ठेवून कॅप्चर करा आणि तारेवर नुसत्या जाहिरातीच येतात हे डोळ्यांनी पाहा. मग तो चालू करा, वर्गणी आणि तिची मान्यता शोधा, आणि वरच्यासारखा आठ बाइटचा पेलोड स्वतः ठरवून पाठवा. वायरशार्कची कोष्टके भरा, आणि नंतर मुद्दाम एक गोष्ट बिघडवा: लांबीचा आकडा, बाइटचा क्रम, गुणक. कोणत्या बिघाडाने स्क्रीन ओरडते आणि कोणत्याने गप्प राहते, ते वहीत लिहून ठेवा.

नोकरीत गेल्यावर प्रत्येक कॅप्चरसोबत साधी मजकुराची फाइल ठेवायची सवय लावा: टॅप कोणत्या दोन ईसीयूंच्या मध्ये होता, ईसीयूंतल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, वर्णनाच्या फाइलीचे नाव आणि तारीख, आणि कोणते सिग्नल कशाशी ताडून पाहिले. जे ताडले नाहीत तेही त्याच फाइलीत, तसे स्पष्ट लिहून.